लिमयांच्या परसातला खड्डा

गांडुळं खड्ड्याच्या कडेवर आली होती. विमल ठाकूरने सकाळी गोणपाट उचललं तेव्हा ती विटांच्या कठड्यावर दिसली, गोणपाटाच्या आतल्या बाजूला दिसली, खाली कोरड्या मातीतही दिसली. काही वळवळत होती. बरीचशी वाळून दोऱ्यासारखी झाली होती. गांडूळ उजेडाला भितं. ते खत सोडून उन्हात येतं म्हणजे आत उन्हाहून वाईट काहीतरी आहे, एवढं तिला कळत होतं. ते काय, हे कळत नव्हतं.

"मेली गो सगळी," अजीजा मुकादम म्हणाली. तिने हातगाडी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि ओढणीने नाक झाकलं होतं.

"सगळी नाय. खाली हायत अजून."

"खाली हायत ती जगायला गेलीत का मरायला, तू इचारलंस?"

 विमलने वाळलेली गांडुळं हाताने गोळा केली, जिवंत होती ती परत आत सोडली आणि वर गोणपाट टाकलं. मे महिना अर्धा उलटला होता. खड्डा महिनाअखेरपर्यंत वाचवायचा होता.

रोह्याची आमराई आळी नदीकडे उतरत जाते. वरच्या टोकाला दामोदर लिमयांचं घर, सगळ्यात खाली विमलचं. लिमयांना आळी नाना म्हणते. कोर्टात हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून कामकाजासारखं मोजकं. त्यांच्या परसातली भिंतीलगतची जागा त्यांनी खड्ड्यासाठी दिली ती तोंडी, तीन अटींवर. वास येता कामा नये. माशा होता कामा नयेत. आणि मेअखेरीस तयार खत हातात घेऊन दाखवायचं. नाही दाखवलं तर खड्डा बुजेल आणि तिथे गाड्यांची शेड होईल. विमलने तिन्ही अटी मान्य केल्या होत्या.

खड्डा गेला तर आळीचा कचरा कुठे जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तो पूर्वी जात होता तिथेच जाणार. पिशवीत बांधून नदीच्या उतारावर, तिच्या घराच्या मागे. गेल्या पावसाळ्यात कुंडलिका चढली तेव्हा त्या सगळ्या पिशव्या उचलून पाणी तिच्या स्वयंपाकघरात आलं होतं. पाणी ओसरल्यावर ओट्यावर आणि फडताळात जे उरलं ते ती आणि नवरा फावड्याने खरवडत होते: कुजका भात, कोलंबीची सालं, लंगोट, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. कोणाच्या घरातलं काय, हेही तिला ओळखू येत होतं. नवऱ्याची नागोठण्याला कंपनीत शिफ्ट असे. तो कामाला गेला की उरलेलं ती एकटी काढायची. ते काढून झालं त्या दिवशी तिने अंगणवाडीत मुलांसमोर बोलायच्या आवाजात नवऱ्याला सांगितलं, की पुन्हा हे काढणार नाही. घर सोडायचं नव्हतं. मग आळीलाच वळण लावणं भाग होतं.

तिने अंगणवाडीत आयुष्य काढलं होतं, त्यामुळे नियम सोपे करून सांगायचे कसे ते तिला येत होतं. पोटात जातं त्याचं उरलेलं हिरव्या बादलीत. बाकीचं निळ्या बादलीत. आणि मोरीत काही म्हणजे काही नाही, कारण आळीचं गटार सरळ नदीत उतरतं आणि भात-रश्श्यानेच तुंबतं. हिरव्या बादलीच्या तळाला वखारीतला लाकडाचा भुसा टाकायचा, म्हणजे ओलं शोषलं जाईल. रोज सकाळी ती आणि अजीजा हातगाडी घेऊन दारोदार जात. अजीजा आली ती तिचा नवरा हसन म्हणाला म्हणून. "कुवेतमध्ये कचरा वेगळा टाकला नाही तर दंड होता," तो म्हणाला होता. "इथं दंड नाय, विमलताई हाय."

हिवाळाभर खड्डा चांगला चालला. हात घातला तर कचरा कुजतोय याची ऊब लागायची. मार्चमध्ये नानांनी स्वतः येऊन वास घेतला आणि काही न बोलता परत गेले, म्हणजे मान्य झालं.

आणि आता हे.

त्याच सकाळी ऋत्विकच्या बादलीत रिमोटमधला संपलेला पेन्सेल सापडला. ऋत्विक पाटीलवाड्याच्या माडीवर भाड्याने राहायचा. नांदेडकडचा मुलगा, एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला. त्याच्या हिरव्या बादलीत पेन्सेल, गोळ्यांची रिकामी पट्टी, सॉसच्या पुड्या आणि बिर्याणीच्या डब्याचा चंदेरी कागद होता. विमलने एकेक वस्तू गाडीच्या कडेवर मांडली.

"केमिकलवाला आहे तो," इंदुबाई कर्णिक आपल्या दारातून म्हणाल्या. इंदुबाईंची बादली आळीत सगळ्यात स्वच्छ असे, कडासुद्धा पुसलेल्या. "हात तिथले आणि बादली इथली. काय काय आणून ओतत असेल देव जाणे."

ऋत्विक तेवढ्यात रात्रपाळी करून वर येत होता. विमलने त्याला रस्त्यात गाठलं आणि पेन्सेल त्याच्यासमोर धरला.

"हे पोटात जातं?"

"काकू, झोपेत टाकलं असेल. सॉरी."

"तुझ्या झोपेने खड्डा मेला. कंपनीतलं काय आणतोस?"

"मी? काही नाही आणत. डबा नेतो, डबा आणतो."

"डब्यात काय आणतोस?"

चार बायका थांबल्या होत्या. दूधवाला थांबला होता. मुलाने इकडे तिकडे पाहिलं, आपली बादली गाडीवरून उचलली आणि माडीवर निघून गेला. नाना ओटीवरच्या खुर्चीतून हे सगळं ऐकत होते.

"विमलबाई," ते म्हणाले, "कारण सापडलं असेल तर उत्तम. तारीख मात्र तीच."

ऋत्विकची बादली बंद झाली. दुसऱ्या दिवशी विमलच्या घरामागे उतारावर एक गाठ मारलेली पिशवी पडलेली होती. तिच्यात बिर्याणीचा डबा होता. विमलने पिशवी उचलून आणली, कोणाला काही बोलली नाही.

खड्डा काही सुधारला नाही. ऊब गेली ती गेलीच. विमल पेणला जाऊन तिथून गागोद्याला गेली. तिथे एका शेतकऱ्याचा शेणाचा गांडूळखताचा वाफा होता, अंगणवाडीच्या ओळखीतला. त्याने तेलाच्या डब्यात ओलं शेण आणि त्यात गांडुळं भरून दिली. डबा मांडीवर घेऊन ती एसटीने परत आली. संध्याकाळी गांडुळं खड्ड्यात सोडली. सकाळी ती कठड्यावर होती.

म्हणजे पेन्सेलचा प्रश्न नव्हता. पेन्सेल तर तिने बाहेरच काढला होता.

ती कठड्यावर बसली. ऊन चढत होतं. आदल्या दिवशी फावड्याने वर ओढलेला खताचा थर कडेला वाळला होता आणि त्यावर पांढरी साय आल्यासारखं काहीतरी दिसत होतं. तिला वाटलं बुरशी. बुरशी केसाळ असते. हे केसाळ नव्हतं, खरबरीत होतं. नखाने खरवडलं तर चुरा झाला. विमलने तो चुरा बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"अगो, थुक ते," अजीजा ओरडली.

विमल थुंकली. "खार हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"मीठ."

विमलचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. खाडीच्या बाजूची ती गावं बांधावर जगतात. बांध आहे तोवर भात, बांध गेला की समुद्र. ती चौथीत असताना उधाणाच्या भरतीने बांध फुटला होता आणि खाडीचं पाणी त्यांच्या शेतात उभं राहिलं होतं. पाणी उतरून जमीन वाळली तेव्हा तिच्यावर अशीच पांढरी साय आली. बाप बांधावरून फिरायचा आणि जागोजागी माती जिभेला लावायचा. ज्या तुकड्यात खार होता तिथे पुढे बरीच वर्षं काही उगवलं नाही. हे तिला आठवायला वेळ लागला, कारण खार समुद्रातून येतो असंच तिच्या डोक्यात होतं. लिमयांच्या परसात समुद्र नव्हता.

"मीठ कोण टाकंल खड्ड्यात?" अजीजाने विचारलं. "करणी-बिरणी?"

"बादल्या बघू या," विमल म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तिने हातगाडीवर बादली रिकामी करण्याआधी प्रत्येक बादलीत काठी घालून पाहिलं. मे महिना होता. आळीतल्या प्रत्येक घरात पावसाळ्याची बेगमी चालली होती. पहिल्याच घरी खारवलेल्या कैरीचं पाणी भुशात मुरलं होतं. लोणच्याच्या फोडी रात्रभर मिठात ठेवून सकाळी निथळल्या होत्या. पुढच्या घरी आमसुलं घातली होती आणि आगळाचा, त्या खारवलेल्या कोकमरसाचा, खाली बसलेला मिठाचा गाळ बादलीत होता. कुठे जवळा धुतलेलं पाणी, कुठे सुक्या बोंबलांच्या डब्याच्या तळाचं खडेमीठ. बरण्या धुवायला काढल्या होत्या आणि गेल्या वर्षीचं उरलेलं लोणचं, मिठासकट, तेलासकट, हिरव्या बादल्यांत आलं होतं. सगळं पोटात जाणारं. सगळं नियमाप्रमाणे. भुशाने एक थेंब सांडू दिला नव्हता.

इंदुबाईंच्या बादलीच्या कडा नेहमीप्रमाणे पुसलेल्या होत्या. आत अर्ध्या बरणीचं लोणचं होतं आणि त्यावर कैरीचं पाणी.

"इंदुबाई, हे पाणी रोज टाकता?"

"रोज कुठे. कैऱ्या येताहेत तोवर. का गं? मोरीत काही टाकायचं नाही म्हणालीस ना तू?"

"व्हय. म्हटलं होतं."

"मग? इतर बायका ओततात मोरीत, मी बघते. मी नाही ओतत." इंदुबाईंचा आवाज शाबासकीची वाट पाहणाऱ्याचा होता.

विमलने बादली ओतून घेतली नाही. ती तशीच गाडीवर बाजूला ठेवली. आळीच्या खालच्या टोकाला पोचल्यावर तिने स्वतःच्या दारातली बादली उघडली. तिने पेणच्या बाजारातून खारा बांगडा आणला होता आणि आदल्या दिवशी त्याचं मीठ झटकून, धुऊन ठेवला होता. मीठ कुठे गेलं ते तिला काठी न घालताच माहीत होतं.

दोघी तिच्या पायरीवर बसल्या.

"आता काय करणार?" अजीजा म्हणाली.

"सांगणार."

"कोणाला? नानांना?" अजीजाने मान हलवली. "नाना म्हणेल, बाईला खड्ड्यातलं कळत नाय, बुजवा. त्या पोराचं नाव झालंय ना, होऊ दे. पोरगा आज हाय उद्या बदली होऊन जाईल. आपण बायका-बायकांत सांगू, मीठ टाकू नका म्हणून. गुपचूप."

"गुपचूप सांगितलं तर निम्म्या घरात पोचंल. उरलेल्या म्हणतील, खड्डा पोराने मारला होता, पोरगा बंद झाला, आपलं काय. आणि ओततच राहतील."

"तेही हाय."

"आणि त्याने पिशव्या टाकायला सुरुवात केलीय. माझ्या मागं."

 अजीजा म्हणाली, "नाना चिडला तर मी हसनला पुढं घालीन. नाना त्याच्याशी गल्फच्या गप्पा मारतो, वेळ जातो."

विमल माडीचा जिना चढून गेली. ऋत्विक झोपेतून उठून आला. बनियनवर होता, तो आत जाऊन शर्ट घालून आला.

"पेन्सेल तुझा होता," विमल म्हणाली.

"हो काकू. म्हणालो ना सॉरी."

"तो तुझाच. पण गांडुळं त्याने नाय मेली. मिठाने मेली. लोणच्याच्या, माशाच्या. तुझ्या घरात मीठ हाय का?"

त्याने खरोखर मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "असेल. घरमालकांनी ठेवलेलं."

"मी तुला कंपनीतलं आणतोस म्हणाले. ते चुकलं माझं."

"तुम्ही रस्त्यात बोललात," तो म्हणाला. "आता इथे जिन्यात सांगताय. खाली सगळे मला बघून बादल्या झाकतात."

"रस्त्यातच सांगणार हाय. संध्याकाळी नानांच्या परसात. तुला यायला लागंल. आणि पिशव्या उताराला टाकू नको. बादली खाली आण, पेन्सेल निळ्यात."

"यायलाच पाहिजे का?"

"तू नाय आलास तर मी कोणाची माफी मागितली ते लोकांना कळायचं नाय."

संध्याकाळी परसात बरीच आळी जमली. बातमी अशी पसरली होती, की विमलला खड्ड्यात काहीतरी सापडलं आहे. काहींना वाटलं साप. नाना खुर्ची घेऊन बसले. विमलने वाळलेल्या खताचा थर सुपात घेऊन सगळ्यांसमोर फिरवला आणि सरळ सांगितलं. खड्डा मिठाने मेला. मीठ आळीच्या प्रत्येक घरातून आलं, तिच्याही घरातून. ऋत्विकचा त्यात हात नव्हता आणि ती त्याला सगळ्यांसमोर जे बोलली ते खोटं ठरलं.

 इंदुबाई म्हणाल्या, "म्हणजे मी खड्डा मारला म्हणतेस?"

"मी मारला. तुम्ही माझं ऐकलंत."

"छान. म्हणजे न ऐकणारे शहाणे." त्यांनी ऋत्विककडे पाहिलं. "तुझ्या बादलीत एवढा कचरा असतो आणि मीठ नाही?"

"मला स्वयंपाक येत नाही आजी."

"ते दिसतंच आहे," इंदुबाई म्हणाल्या, आणि मागच्या बायका हसल्या. इंदुबाई हसल्या नाहीत. "उद्या एक डबा घेऊन जा माझ्याकडून. त्या बिर्याणीने पोट जाळशील."

नानांनी घसा खाकरला. "म्हणजे विमलबाई, एवढे महिने तुम्ही आळीला चुकीचा नियम शिकवलात."

"एवढे महिने बरोबर होता. मे महिन्यात चुकला."

"मे महिना दर वर्षी येतो."

"म्हणून तर बोलावलं सगळ्यांना."

"बरं. ते खारं पाणी बादलीत नाही. मोरीत तर नाहीच, ते तुम्हीच बंद केलंत. मग जायचं कुठे त्याने? डोक्यावर ओतून घ्यायचं?"

विमल इथे अडली. दिवसभर ती याच प्रश्नापाशी येऊन थांबत होती. गटारात सोडलं तर बायका पुन्हा भातही गटारात सोडणार. एकदा मोरी उघडली की ती उघडलीच.

"माडाला घाला," हसन मागून म्हणाला. सगळे वळले. "आमच्यात माड लावताना खड्ड्यात मीठच टाकतात. माडाला खारं चालतं. खाडीकाठी उभा असतो तो, काय गोडं पाणी पितो?"

नानांच्या परसाच्या मागच्या भिंतीला माडांची रांग होती. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं.

"माझ्या माडांना बोंबलाचं पाणी?" नाना म्हणाले. लिमयांच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात शिजत नाही.

"माड काय एकादशी धरतो, नाना?" इंदुबाईंनी विचारलं.

"माड नसेल धरत. ते खोबरं आमच्या मोदकात जातं." नाना म्हणाले. "कैरीचं चालेल. आमसुलाचं चालेल. माशाचं नाही."

"माशाचं आमच्या माडांना," हसन म्हणाला. "आमचे माड खातात सगळं."

"आणि कोणत्याच माडाला रोज नाही," विमल म्हणाली. "आळीपाळीने. एकाच बुंध्यात ओतत राहिलं तर माडही मरंल. खडेमीठ सुकं असंल तर झटकून बरणीत ठेवा, पुन्हा वापरा. जुनं लोणचं निथळून फोडी धुवायच्या, मग हिरव्यात. धुतलेलं पाणी माडाला."

"लोणचं धुवायचं?" कोणीतरी म्हणालं. "माझ्या सासूने ऐकलं तर उठून बसेल."

"सासूला सांग, मी सांगितलंय."

नाना उठले. "झालं? ठीक. तारीख तीच."

"मी वाढवून मागितली नाय," विमल म्हणाली.

पुढचं काम सोपं होतं आणि अवघड होतं. खारेपाटात बांध दुरुस्त केल्यावर लोक शेतात पावसाचं पाणी साठवायचे, ते खार घेऊन खाली उतरलं की सोडून द्यायचे, आणि पुन्हा साठवायचे. विमलने खड्ड्यातलं खत बाहेर काढलं, परसाच्या उतारावर जुनी हिरवी जाळी अंथरून तिच्यावर पातळ पसरलं आणि वरून पाणी सोडायचं ठरवलं. खालून निघणारं पाणी चर खणून हसनच्या माडांकडे नेलं. चर ऋत्विकने खणला. त्याला दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती. त्याने आधी वाकडा खणला, मग हसनने दोरी धरून सरळ करून घेतला.

पाणी कमी पडलं. मे महिन्यात नळाला पाणी तासभरच येई आणि आळीला तेवढ्यात हंडे भरायचे असत. हसनने आपल्या विहिरीची मोटर लावून पाइप आणला. विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर अजीजाने मोटर बंद केली. "खत जगवायला मी आंघोळ सोडणार नाय," ती म्हणाली. विमलने तिच्याशी वाद घातला नाही. तिने ढिगाचा एकच भाग धुवायचा ठरवला, पण नीट. खालून निघालेलं पाणी ती दर वेळी जिभेला लावायची आणि थुंकायची. सुरुवातीला ते उघड खारं होतं. मग नुसतं कडसर लागायला लागलं. मग त्याला चवच उरली नाही. उरलेला ढीग तिने तसाच झाकून ठेवला, पावसाच्या पाण्याने धुवायला.

धुतलेल्या भागात तिने भाताचं तूस आणि गागोद्याहून आणलेलं शेण मिसळलं. जी गांडुळं जगून राहिली होती ती शेणाबरोबर आत गेली आणि या वेळी वर आली नाहीत. हात घातल्यावर ऊब मात्र लागत नव्हती, आणि ती येण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. तिने दोन पसरट टोपल्या घेतल्या, एकीत धुतलेलं खत भरलं, दुसरीत न धुतलेलं, आणि दोन्हींत मेथी पेरली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी नाना गवंड्याला घेऊन परसात आले. गवंडी बाबाजी टेप घेऊन उभा राहिला. विमल आधीच आली होती. दोन्ही टोपल्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत मेथी बोटभर उगवली होती, दाट. दुसरीत उघडी माती होती आणि तिच्यावर कडेने पांढरं दिसत होतं.

नानांनी उगवलेल्या टोपलीच्या मागच्या ढिगातून मूठभर खत घेतलं, दाबलं, मूठ उघडली. खत सुटून पडलं. त्यांनी वास घेतला. मग दुसऱ्या टोपलीकडे बोट केलं.

"ही लपवता आली असती."

"कशाला? तो ढीग एवढा मोठा हाय. तो कुठं लपवू?"

"म्हणजे अर्धं झालं. अट खत दाखवायची होती."

"दाखवलं ना. तुमच्या हातात हाय. किती दाखवायचं ते बोलणं झालं नव्हतं."

 कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हा मुद्दा नाकारता येत नव्हता, आणि आवडतही नव्हता.

"आणि तुम्हाला आता मुदतवाढ पाहिजे."

"नाय. शेड बांधा तुम्ही. अर्ध्या जागेत. उरलेल्या अर्ध्यात खड्डा. शेडचा पत्रा दोन हात खड्ड्याच्या बाजूला वाढवा, म्हणजे पावसाचं पाणी आत जायचं नाय. पत्र्याचं पन्हाळ त्या धुवायच्या ढिगावर सोडा."

"अर्ध्या जागेत आळीचा सगळा कचरा मावेल?"

"मावायला लागंल. जास्त वेळा वर-खाली करावं लागंल. मी करीन."

"एकट्या?"

"अजीजा हाय. ऋत्विक एक पाळी करतो म्हणालाय. आणखी माणसं लागली तर मी दारोदार जाऊन घेऊन येईन. कचरा आणते तशीच."

नानांनी हात झटकले आणि रुमालाने पुसले. "बघू," ते म्हणाले.

"'बघू' नको, नाना. बाबाजी टेप घेऊन उभा हाय. त्याला आता माप सांगायचं हाय. हो म्हणा नायतर नाय म्हणा. नाय म्हणालात तर मी दुपारपर्यंत दुसरी जागा शोधायला लागते. पाऊस चार दिवसांवर हाय आणि माझं घर खाली हाय."

बाबाजीने टेप थोडी ओढून सोडून दिली. नाना भिंतीपासून कठड्यापर्यंत चालत गेले, तिथून परत आले आणि मधोमध थांबून चपलेच्या टोकाने मातीत रेघ मारली.

"इथपर्यंत शेड," त्यांनी बाबाजीला सांगितलं. "पलीकडचं माप घेऊ नकोस."

विमलने रेघ पाहिली. तिला हवी होती त्याहून ती खड्ड्याकडे वीतभर जास्त सरकली होती. तिने ते बोलून दाखवलं नाही. फावडं घेतलं आणि नानांच्या डोळ्यांसमोर रेघेच्या अलीकडे, शेडच्या बाजूला आलेल्या विटा काढून पलीकडे रचायला सुरुवात केली. पाचसहा विटा लावून झाल्यावर रस्त्यावरून अजीजाची हाक आली. हातगाडी लिमयांच्या फाटकात उभी होती, अर्धी भरलेली. आळीची खालची घरं अजून व्हायची होती. विमलने हात मातीला पुसले आणि गाडीची दुसरी मूठ धरली.